ताप घरात सगळ्यांनाच आला होता

त्या वर्षी उन्हाळ्यापासून मला मीठ खावंसं वाटायला लागलं. आधी ताटात वरून थोडं घ्यायचे. मग लोणच्याचा खार चमच्याने खायला लागले. शाळेत मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई चहा घ्यायच्या, मी पर्समधून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढायचे आणि दाणे संपले की पुडीच्या तळाचं मीठ बोटाने चाटायचे. फलटणजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चारी बाजूंना ऊस, गावात दर घरी कुणी ना कुणी कारखान्यात. आणि मला गोडाचा नुसता वास आला तरी मळमळायचं.

घरात आम्ही दोघीच. मिस्टर सैन्यात, तेव्हा पोस्टिंग पंजाबात. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. राहिलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं लहानपण माणदेशात मेंढरांमागे गेलेलं, त्यामुळे आवाज असा की स्वयंपाकघरातून बोलल्या तरी पलीकडच्या माळावर कुणाला तरी हाक मारतायत असं वाटावं. त्यांनी एक दिवस विचारलंच.

"आगं, बरणी आत्ताच भरली व्हती की. मीठ जातंय कुटं?"

"मीच खाते," मी म्हणाले.

त्यांनी बरणी परत भरून ठेवली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मटकी निवडता निवडता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आगं, एक इचारू? काय हाय का तसं?"

"कसं?"

"कसं म्हंजे! मळमळतंय तुला, खारट खावं वाटतंय. ल्योक मे म्हैन्यात येऊन गेलाय न्हवं."

मला इतकं हसू आलं की मटकी सांडली. मुलगी कॉलेजात गेलेली आणि आत्याबाई पाळण्याचा विचार करत होत्या. पण पाळी चुकली होती हेही खरं. शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, फलटणला ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. तसं काही नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्याबाईंचा चेहरा मात्र जरा उतरला, आणि मग त्या जास्तच काळजीत पडल्या. कारण तसं नव्हतं, तर मग काय होतं?

मी काळवंडत चालले होते. शेजारणी म्हणायच्या, उन्हात फिरता ना बाई, छत्री घेत जा. मलाही तेच पटत होतं. पण ऊन तळहातांच्या रेघांमध्ये कसं शिरणार? त्या रेघा कुणी पेन्सिलीने गिरवल्यासारख्या झाल्या होत्या. बोटांचे सांधे काळे. हातावर इस्त्रीचा चटका बसला होता, तो बरा होता होता काळाकुट्ट झाला. आरशात दात घासताना हिरड्यांवर जांभळं खाल्ल्यासारखे डाग दिसले आणि मी पेस्ट बदलली.

वजन उतरत होतं. ब्लाऊजना आतून टाके घालायला लागले. सकाळी उठले की पलंगावर थोडा वेळ बसून राहायचं, मग एका हाताने भिंत धरायची, मग उभं राहायचं. तरीही डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा शाळेत परिपाठाच्या वेळी राष्ट्रगीत सुरू झालं आणि अर्ध्यातच मला पोरांच्या रांगा दूर दूर जाताना दिसल्या. मागे ध्वजाचा कठडा होता म्हणून टेकता आलं. गीत संपेपर्यंत कुणाला कळलं नाही. वर्गात गेल्यावर मी फळ्यावर लिहायचं सोडून पोरांनाच पाठ वाचायला सांगितला आणि खुर्चीत बसून राहिले.

फलटणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. गोळ्या, टॉनिक, सकाळी गूळ-शेंगदाणे. मी सगळं केलं, गूळ तेवढा जमला नाही. मिस्टर व्हिडिओ कॉलवर बघायचे आणि म्हणायचे, "लाईट कमी आहे का तुझ्याकडे? तोंड दिसत नाही नीट." मी दिव्याखाली जाऊन बसायचे. मग ते विषय मुलीच्या फीवर किंवा विहिरीच्या मोटारीवर न्यायचे. कॅन्सर हा शब्द आमच्यापैकी कुणीच काढला नाही. पण तो घरात होता. आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटताना मध्येच थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि भाकरी करपायची. असं आधी कधी झालं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे गेले. माझं माहेर मूळचं जतकडचं, पण आईवडील गेल्यापासून दादा-वहिनीचं माधवनगरचं घर हेच माहेर. दादा तिथे यंत्रमागावर काम करतो. वहिनीने दार उघडलं आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. मग स्वतःलाच सावरून म्हणाली, "दमलीस प्रवासात." रात्रभर झोपल्यावर मी ताजी होईन असं तिला वाटलं असावं. झाले नाही.

भाऊबीज झाली आणि घरात ताप आला. काय खाण्यात आलं कुणास ठाऊक, आधी दादा, मग वहिनी, मग मी. ताप, जुलाब, उलट्या. दादा एक दिवस झोपून राहिला आणि दुसऱ्या दिवशी चहा-टोस्ट खाऊन कामावर गेला. वहिनी त्याच्या मागोमाग बरी झाली आणि अंगणात कपडे वाळत घालायला लागली. मला वाटलं, आता माझी पाळी बरं होण्याची.

पण माझं काहीतरी वेगळंच चाललं होतं. उलटी थांबली तरी मी वर येत नव्हते. हातपाय गार पडले. वहिनी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण अर्थ लागायला फार वेळ लागायचा. आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. भीतीसुद्धा नव्हती. ती वाटायलाही अंगात काहीतरी लागतं. वहिनीने उठवून बसवलं तशी मी तिच्या खांद्यावर कोसळले. तिने दादाला फोन केला, शेजारच्यांनी रिक्षा आणली, आणि मला सांगलीच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. दंडाला पट्टा गुंडाळून कुणीतरी फुगवतंय, परत फुगवतंय. "बीपी लागत नाही." बोटाला टोचलं. "साखर पण खाली आहे." मग एक डॉक्टरबाई आल्या, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा नाकावर. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं नाडी बघतायत, पण त्यांनी माझी मूठ उघडली आणि तळहात उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "तोंड उघडा." बोटाने ओठ वर करून हिरड्या बघितल्या. इस्त्रीच्या चटक्यावरून अंगठा फिरवला. मग अगदी कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का तुम्हाला?"

मी रडायला लागले. रडायलाही जोर नव्हता, पाणी नुसतं कानात वाहत होतं. इतक्या महिन्यांत हे मला एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं, आणि त्यांना सांगायची ही गोष्ट आहे हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

वहिनीच म्हणाली, "होय हो मॅडम. फोडणीच्या आधीच डब्यातलं मीठ तोंडात टाकते. मी बघितलंय."

त्यांनी सिस्टरला रक्त काढायला सांगितलं आणि रिपोर्टची वाट न बघता लगेच शिरेतून एक इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं. दादाला त्या म्हणाल्या, "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. माझा अंदाज बरोबर असला तर संध्याकाळी तुमची बहीण जेवायला मागेल."

दादाला ते थट्टेसारखं वाटलं होतं, असं तो नंतर सांगायचा. पण झालं तसंच. दुपार कलताना मला खिडकीचा पडदा हिरवा आहे हे दिसलं. तो सकाळपासून तिथे होता, पण मला तो आत्ता दिसला. मग रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले. मग पोटात एक विसरलेली गोष्ट जागी झाली. ती भूक होती. मी वहिनीला म्हणाले, "भाकरी मिळेल का गं?" वहिनी पदराने तोंड दाबून बाहेर पळाली.

आत्याबाई फलटणहून एसटीने निघाल्या होत्या. कुणीतरी त्यांना फोनवर "सिरियस आहे" एवढंच सांगितलेलं. त्या वॉर्डच्या दारात आल्या तेव्हा मी उशीला टेकून वरण-भात खात होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग दादाकडे.

"आरं, कोण म्हनलं सिरेस हाय? ही तर जेवती हाय!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मग त्या माझ्या पायथ्याशी पलंगावर बसल्या आणि माझा पाय पांघरुणावरून धरून ठेवला, कितीतरी वेळ. आत्याबाई गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या.

मिस्टरांना तातडीची रजा मिळाली. ते पोचले तेव्हा मी वॉर्डमध्ये चालत होते, सलाईनचा स्टँड हातात धरून. पाठीवर सॅक, दाढी वाढलेली, दारातच उभे राहिले. वाटेत त्यांनी काय काय मनात आणलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हणाले, "आता लाईट नीट आहे का?" त्यांनी मान हलवली, सॅक खाली ठेवली आणि तोंड धुऊन येतो म्हणून गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते, आणि तोंड कोरडंच होतं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. आपल्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, टोपी घातल्यासारख्या. त्यांच्यातून रक्तात जे रस जातात त्यांच्यामुळे अंगातलं मीठ अंगात राहतं, रक्ताचा दाब टिकतो, उपाशी असताना साखर एकदम पडत नाही. माझ्या त्या ग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या. मीठ लघवीवाटे निघून जात होतं आणि पोटॅशियम साठत होतं. मी बरणीतलं मीठ खात होते ते त्यामुळे. शरीर आपली गळती वरून भरून काढायला बघत होतं.

"आणि काळी का पडली?" मिस्टरांनी विचारलं.

"ग्रंथी काम करत नाहीत म्हटल्यावर मेंदू त्यांना निरोप धाडतो, काम करा म्हणून. उत्तर येईना, तसा तो निरोप वाढवत गेला. त्याच निरोपाने कातडीचा रंगही गडद होतो."

माझ्या मनात एकच गोष्ट अडकली होती. मी विचारलं, "मॅडम, ताप तर घरात सगळ्यांनाच आला होता. दादा दुसऱ्या दिवशी कामावर गेला."

त्या म्हणाल्या, "तेच तर. ताप आला की निरोगी माणसाच्या या ग्रंथी आपोआप कितीतरी पट जास्त काम करतात. तुमच्या भावाला ते कळलंही नाही. चहा प्यायला आणि गेला. तुमच्याकडे रोजच्यापुरतंच कसंबसं होतं. वाढवायला काही नव्हतं. म्हणून साध्या जुलाबाने तुम्ही इथपर्यंत आलात."

दादा आपल्याच पोटाकडे असा बघायला लागला, जसं काही तिथे कुणीतरी इतकी वर्षं फुकट राबत होतं आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे कशामुळे झालं, हा पुढचा प्रश्न होता. आपल्याकडे क्षयामुळे या ग्रंथी जाऊ शकतात, म्हणून पोटाचा स्कॅन झाला. क्षय नव्हता, गाठ नव्हती. जो शब्द आम्ही कुणी तोंडातून काढत नव्हतो तोही नव्हता. शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांनीच चुकून त्या ग्रंथींना परकं समजून संपवलं होतं. मिस्टर म्हणाले, "म्हणजे आपल्याच लोकांवर गोळीबार." डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, साधारण तसंच. कुणाचं काही चुकलं नव्हतं, माझ्या खाण्याचं नाही, उन्हाचं नाही, कुणाच्या नजरेचं नाही. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील हे वाक्य तेव्हा माझ्या कानांवरून गेलं, ते मी नंतर मिस्टरांकडून ऐकलं.

आत्याबाईंना मात्र ते वाक्य पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. गोळी स्टिरॉइडची आहे हे त्यांनी कुणाकडून तरी समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना गाठलं.

"आवं मॅडम, ही गोळी तालमीतली पोरं खात्यात तसल्यातली हाय म्हनं. सुनेला पैलवान करायची न्हाई मला."

"आजी, ते वेगळं औषध. आणि ते लोक अंगात आहे त्यावर जादा घेतात. हिच्या अंगात जे बनतच नाही, तेवढंच आपण बाहेरून घालतोय. त्याहून कणभर जास्त नाही."

आत्याबाईंनी विचार केला. "म्हंजे वाट्याचं तेवढंच."

"तेवढंच. पण चुकवायचं नाही. एक दिवसही नाही."

तेव्हापासून सकाळी माझ्या चहाबरोबर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवायची ड्युटी आत्याबाईंनी स्वतःकडे घेतली. मी घोट घेऊन तोंड उघडून दाखवेपर्यंत त्या हलत नाहीत.

हळूहळू मी टप्प्याटप्प्याने गोरी झाले म्हणायला हरकत नाही. आधी तळहातांच्या रेघा फिकटल्या, मग सांधे, मग तोंड. पोरांनी वर्गात विचारलं, बाई क्रीम कुठली लावता? परिपाठात मी पुन्हा शेवटपर्यंत उभी राहायला लागले, आणि "जय हे" म्हणताना आपले पाय जमिनीवर घट्ट आहेत याचा मला जो आनंद व्हायचा तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पण सगळ्यात मोठा दिवस वेगळाच. एका संध्याकाळी मी आमटीचा घास घेतला आणि तोंड वाकडं झालं.

"आत्याबाई, खारट झालीय हो."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "काय म्हनलीस?"

"खारट आहे. लय खारट आहे."

त्या उठून थेट अंगणात गेल्या आणि शेजारणीला ओरडून म्हणाल्या, "आगं ए, हिला आमटी खारट लागली!" नंतर कळलं, गेले कित्येक महिने त्या माझ्यासाठी म्हणून आमटीत दुप्पट मीठ घालत होत्या आणि स्वतः तसलीच खात होत्या.

एक गोष्ट डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा बजावली होती. ताप आला तर गोळी दुप्पट. आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकलीच नाही, तर वाट बघायची नाही, इंजेक्शन टोचायचं आणि दवाखाना गाठायचा. दुसऱ्यांची शरीरं जे स्वतःहून करतात ते आता मला ठरवून करायचं होतं. इंजेक्शनची डबी पर्समध्ये कायमची आली. एका कुपीत पावडर, दुसरीत पाणी, ते मिसळायचं आणि मांडीत द्यायचं. सिस्टरने आम्हा तिघांनाही शिकवलं होतं. मिस्टरांना तर शिकवण्याची गरजच नाही, असं ते स्वतःच म्हणाले होते. फौजेत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालंय. आत्याबाईंनी घरी वांग्यावर सराव केला आणि ते वांगं मग कुणी खाल्लं नाही.

पुढच्या वर्षी मिस्टर सुट्टीवर असताना आम्ही पाटणकडे एका नात्यातल्या लग्नाला निघालो. गाडी भाड्याची, घाटाची वळणं, आणि आदल्या दिवशी मला कणकण होती. सकाळी गोळी दुप्पट घेतली होती. पण कोयनेच्या अंगाला वळणं सुरू झाली आणि मला उलटी झाली. परत गोळी घेतली, ती पण गेली. ड्रायव्हरने झाडाखाली गाडी लावली. मला ती ओळखीची गार लाट पायांतून वर चढताना जाणवली आणि मी म्हणाले, "डबी काढा."

मिस्टरांनी डबी काढली. कुपी फोडली, पावडर विरघळवली, सिरिंजमध्ये ओढलं, सगळं एकदम पद्धतशीर. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. सिरिंजमधलं पाणी उन्हात हलताना मला दिसत होतं.

"आण हिकडं," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, मला येतंय. ट्रेनिंग झालंय माझं."

"व्हय, दुसऱ्याच्या बायकोवर झालं आसंल. आण."

मी तशा अवस्थेतही हसले. आत्याबाईंनी साडीचा पदर कमरेला खोचला, सिरिंज घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुकलं तर वरड, लाजू नगस." आणि टोचलं. दुखलं. मी ओरडले. ड्रायव्हरने दुसरीकडे तोंड फिरवलं.

पाटणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गार लाट उतरली होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बीपी बघितलं, परत बघितलं, म्हणाले व्यवस्थित आहे. एक सलाईन लावतो, दुपारपर्यंत थांबा. त्यांनी विचारलं इंजेक्शन कुणी दिलं. मिस्टरांनी गुपचूप आईकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर दिलंत, आजी." आत्याबाईंनी मान डोलावली आणि सिस्टरला विचारलं, पंखा जरा वाढवता येतो का.

लग्न लागून गेलं होतं. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या आणि खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात झाली होती. नवरीच्या आईने आम्हाला बघून परत पानं मांडायला लावली. काय झालं, इतका उशीर का, असं सगळे विचारत होते. मिस्टर सांगायला लागले, आणि प्रत्येक वेळी सांगताना वळण थोडं मोठं आणि हात थोडा कमी थरथरलेला होत गेला. मी भाताचा पहिला घास घेतला. तो गरम होता आणि पोटात गेल्यावर तिथेच राहिला. आत्याबाई पलीकडच्या पानावरून वाढप्याला हाक मारत होत्या, सुनेच्या पानात जिलबी वाढ म्हणून, आणि अख्खा मांडव ऐकत होता. मी जिलबी घेतली. आणखी एक घेतली.